आवाज शाबूत, डबा बाद

लॉसलेस संगीत घराघरात पोचले. ते वाजवणाऱ्या यंत्राच्या आयुष्याची दोरी मात्र दुसऱ्याच्याच हाती राहिली

१० सप्टेंबर २०२५ रोजी स्पॉटिफायने लॉसलेस संगीत सुरू करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हाय-फायवाल्यांच्या तोंडून 'वा!' कमी आणि 'झाले बुवा एकदाचे!' जास्त निघाले. त्याला कारण होते. याच कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये 'स्पॉटिफाय हायफाय' असे या सेवेचे बारसे करून ठेवले होते आणि त्याच वर्षी ती मिळेल असे सांगितले होते. पाळणा साडेचार वर्षे रिकामाच हलत राहिला. दरम्यान ॲपलने जून २०२१ पासून आपले भांडार जादा पैसे न घेता लॉसलेस करायला घेतले. ॲमेझॉनने २०१९ साली जास्त दराने सुरू केलेली एचडी सेवा २०२१ च्या मे महिन्यात नेहमीच्या वर्गणीत विलीन केली. टायडल तर २०१४ पासूनच या धंद्यात होती. जगातली सर्वांत मोठी संगीतसेवा या पंगतीला सर्वांत शेवटी बसली.

पण घोषणेतला खरा मजकूर यंत्रांच्या यादीत होता. फोन, संगणक आणि टॅब्लेटखेरीज सोनी, बोस, सॅमसंग आणि सेनहायझर यांच्या उपकरणांवर 'स्पॉटिफाय कनेक्ट'मार्फत लॉसलेस वाजेल, सोनोस आणि ॲमेझॉनची उपकरणे मागाहून येतील, असे त्यात म्हटले होते. ज्यांच्या बैठकीच्या खोलीत चांगल्या ॲम्प्लिफायरशेजारी एक नेटवर्क प्लेअर, म्हणजे त्यांच्या बोलीत 'स्ट्रीमर', ठेवलेला होता, त्यांनी ही यादी परीक्षेच्या निकालासारखी वाचली. आपला डबा पास की नापास? उत्तर डब्यातल्या चिपवर अवलंबून होतेच. त्याहून जास्त ते डबा बनवणारी कंपनी आणि स्पॉटिफाय यांच्यातल्या सॉफ्टवेअरच्या व्यवहारावर अवलंबून होते. उत्तम लॉसलेस फाइल वाजवण्याची क्षमता कित्येक वर्षांपासून अंगी असलेली यंत्रे परवानगीची वाट पाहत बसली.

या लेखाचा विषय ती परवानगी आहे. आवाजाच्या दर्जावरचे भांडण आता जवळजवळ मिटले आहे. मालकीचे भांडण आत्ता कुठे सुरू होते आहे.

आकड्यांचा सूर

आधी लॉसलेस म्हणजे काय ते पाहू. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांनी बाजारात आणलेली सीडी दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजते, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिते आणि हे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांसाठी करते. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासाभराच्या मैफिलीला सुमारे ६३५ मेगाबाइट. १९९० च्या दशकातल्या टेलिफोन लाइनवरून हे ओझे वाहणे अशक्य होते, आणि म्हणून एमपी३चा जन्म झाला.

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी कानाच्या मर्यादांचा फायदा घेतला. मोठ्या आवाजाच्या सावलीत शेजारच्या स्वरातला बारीक आवाज झाकला जातो. जे ऐकूच येणार नाही ते साठवायचे कशाला? कानाला फसवून वजन उतरवण्याची ही विद्या इतकी मुरलेली होती की सेकंदाला ३२० किलोबिटच्या फाइलीत, म्हणजे सीडीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी जागेत, बहुतेकांना उणेपण जाणवत नाही. स्पॉटिफायने लॉसलेसआधी ऑग व्हॉर्बिस नावाचा त्याच जातीचा, पण खुला प्रकार वापरला, तोही जास्तीत जास्त ३२० किलोबिटपर्यंत. अशा फाइलीतून जे गळते ते मात्र कायमचे जाते.

काहीच न गमावणाऱ्या, म्हणजे लॉसलेस, फ्लॅक या प्रकाराची रीत वेगळी. जॉश कोल्सन या प्रोग्रॅमरने २००० च्या सुमारास हे काम हाती घेतले आणि २००१ साली पहिली पक्की आवृत्ती खुली करून टाकली. सराईत तबलजी गवई कुठल्या जागेवर जाणार हे आधीच ताडतो, तसे फ्लॅक आधीच्या मोजमापांवरून पुढचे मोजमाप काय असेल याचा अंदाज बांधते आणि फाइलीत फक्त अंदाज किती चुकला एवढेच लिहून ठेवते. चूक लहान, म्हणून आकडा लहान. वाजवताना तोच अंदाज पुन्हा बांधून त्यात ती चूक मिळवली की मूळ मोजमाप बिटाबिटाने परत मिळते. साधारणपणे फाइल निम्म्याच्या आसपास येते. शिवाय आत एक पडताळणीचा आकडा असतो. एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ते उघडकीला येते.

या युक्तीत एक गंमत दडली आहे. तानपुऱ्याचा संथ नाद किंवा संवादिनीचा धरलेला स्वर यांचा अंदाज बांधणे सोपे, म्हणून ते थोड्या जागेत मावतात. खरखरीला मात्र कसलीच शिस्त नसते. जुन्या ध्वनिमुद्रिकेचा जो दोष, त्याच्या जतनालाच फ्लॅकला सर्वांत जास्त मेहनत पडते.

स्पॉटिफायची लॉसलेस सेवा जास्तीत जास्त २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत जाते. ॲपल, टायडल आणि फ्रान्सची कोबुझ १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातात. हा फरक कागदावर दणदणीत दिसतो. कानावर तो किती पडतो, ते पुढे पाहू.

शेवटचे दहा फूट

सर्व्हरवर फाइल शाबूत आहे आणि घरी उत्तम स्पीकर आहेत, एवढ्याने काम भागत नाही. मधला रस्ता कोणता, हा कळीचा प्रश्न असतो.

सर्वांत रुळलेला रस्ता ब्लूटूथचा, आणि लॉसलेससाठी तोच सर्वांत अरुंद. त्याचा मूळ कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, एसबीसी, सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटच्या आसपास थकतो. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो. म्हणजे फोनवर लॉसलेसची खूण झळकत असते आणि स्पीकरपर्यंत जाताना तोच आवाज पुन्हा पिळून निघतो. खुद्द स्पॉटिफायने आपल्या घोषणेत ब्लूटूथ टाळून वाय-फाय किंवा वायरचे हेडफोन वापरण्याची शिफारस केली होती.

दुसरा रस्ता ॲपलच्या एअरप्लेचा. तो वाय-फायवरून जातो आणि सीडीच्या दर्जाचा आवाज लॉसलेस वाहून नेऊ शकतो. पण १९२ किलोहर्ट्झची फाइल तिथून तशीच्या तशी पुढे सरकत नाही. त्या फुगलेल्या आकड्यासाठी ॲपलच्या श्रोत्यालाही फोन किंवा संगणकाला वायरने डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारे यंत्र, जोडावे लागते.

तिसरा रस्ता 'कनेक्ट'चा, आणि हाय-फायवाल्यांना तोच प्रिय. इथे फोन केवळ रिमोट असतो. बोट दाबले की फोन प्लेअरला सांगतो, 'अमुक गाणे घे', आणि प्लेअर स्वतः इंटरनेटवरून थेट फाइल ओढतो. फोन बंद करा, खिशात घालून भाजी आणायला जा, गाणे थांबत नाही. स्पॉटिफायने ही कल्पना आधी रुजवली. टायडलने २०२० मध्ये आणि कोबुझने २०२५ मध्ये आपापले 'कनेक्ट' आणले. आवाजाच्या दृष्टीने हा मार्ग निर्मळ. पण यासाठी संगीतसेवेचा सॉफ्टवेअरचा तुकडा प्लेअरच्या पोटात बसवावा लागतो, तो तपासून मंजूर करून घ्यावा लागतो आणि सेवेने काही बदलले की प्लेअरलाही अद्ययावत करावे लागते. सर्वांत स्वच्छ मार्ग असा सर्वांत परावलंबी ठरतो.

चौथा रस्ता जुना आणि गरीब: घरातल्याच हार्ड डिस्कवर फ्लॅक फाइली ठेवायच्या आणि यूपीएनपी या खुल्या पद्धतीने प्लेअरला त्या वाजवायला लावायच्या. ना वर्गणी, ना मंजुरी. या गरिबाची किंमत लेखाच्या शेवटी कळेल.

एक खुलासा इथेच केलेला बरा. 'खास संगीतासाठी' म्हणून हजारोंना विकल्या जाणाऱ्या नेटवर्क केबलने लॉसलेस आणखी लॉसलेस होत नाही. इंटरनेटवरून येणारा प्रत्येक तुकडा तपासला जातो, हरवला तर पुन्हा मागवला जातो आणि प्लेअर तो आधी साठवून मग स्वतःच्या घड्याळाच्या ठेक्यावर वाजवतो. तारेत काही चुकलेच तर गाणे अडखळते. सारंगी मंद होत नाही.

कान काय म्हणतात

२००७ साली अमेरिकेत ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी एक साधा, पण झोंबणारा प्रयोग प्रसिद्ध केला. सीडीहून वरच्या दर्जाच्या डिस्क चांगल्या यंत्रणेवर लावल्या आणि मधेच एक असे यंत्र घातले, जे आवाज सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या साच्यातून काढी. श्रोत्यांनी कुठला आवाज साच्यातून आला ते ओळखायचे. ५५४ चाचण्यांत अचूक उत्तरे निम्मी, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती तेवढीच.

२०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांची, १२ हजारांहून अधिक चाचण्यांची एकत्र छाननी केली. अचूक उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक खरा, पण बारीक. सराव दिलेल्या श्रोत्यांत तो बराच वाढतो. म्हणजे सीडीच्या वरच्या मजल्यांवर चढून दिसणारे दृश्य फारसे वेगळे नाही. स्पॉटिफाय ४४.१ वर थांबली म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

३२० किलोबिटची फाइल आणि लॉसलेस यांतला फरकही बहुतेक संगीतात, बहुतेक खोल्यांत, बहुतेकांना कळत नाही. कळतो तो तीक्ष्ण आघातांत. दाबलेल्या फाइलीत आघाताच्या किंचित आधी एक धूसर पूर्वछाया उमटू शकते. अभियंते ती तपासायला कास्टानेट वाजवून पाहतात. आपल्याकडे तबल्याची कोरी चाट त्याच कामाची.

ज्या गोष्टीने खरोखर फरक पडतो ती फाइलीच्या जातीत नसते. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा २००८ चा अल्बम इतका कर्कश दाबून छापला होता, की चाहत्यांना त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली आवृत्ती अधिक मोकळी वाटली. ती कर्कश सीडी तुम्ही लॉसलेस ऐकलीत तर काय मिळते? तोच कर्कशपणा, एकही बिट न गमावता.

आपल्या मैफिलीचा हिशेब

मराठी श्रोत्यासाठी हा मुद्दा आणखी टोकदार होतो. बालगंधर्वांची पदे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहेत, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली, तीही मूळची अशाच तबकडीवरची. त्या काळच्या यंत्रणेने वरचे सूर पकडलेच नव्हते. १९२ किलोहर्ट्झचा आकडा ते निर्माण करू शकत नाही.

या मुद्रणांचे भवितव्य ठरते ते कुणाची प्रत, कोणत्या सुईने, कोणत्या गतीवर वाजवून उतरवली आणि खरखर घालवताना किती हात सैल सोडला यावर. खरखर हटवणारे सॉफ्टवेअर आवेशात आले की तिच्याबरोबर तानपुऱ्याचे वरचे नादही पुसून टाकते आणि गवई कांबळे पांघरून गात असल्यासारखा वाटतो. लॉसलेसची खूण एवढीच ग्वाही देते, की रेकॉर्ड कंपनीने जे दिले ते तुमच्यापर्यंत शाबूत आले. कंपनीने काय दिले, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

माहितीच्या रकान्यांची दशा तर विचारायलाच नको. पाश्चात्त्य पॉप गाण्यासाठी आखलेल्या 'कलाकार, अल्बम, गाणे' या चौकटीत राग कुठे लिहायचा, ताल कुठे, साथीला कोण होते ते कुठे? विलंबित एका तुकड्यात, द्रुत दुसऱ्यात, आणि मधे ॲपच्या मर्जीने भलतेच गाणे. इथे फ्लॅकचा एक गुण कामी येतो: फाइलीत किती मोजमापे आहेत हे तिला नेमके ठाऊक असते, त्यामुळे दोन तुकडे बिनफटीचे जोडता येतात. एमपी३च्या टोकांना रिकामी भर पडते. सलग ख्याल ऐकणाऱ्याला वरच्या किलोहर्ट्झपेक्षा हे मोलाचे.

आणि किंमत? भारतात स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियमच्या तीन पायऱ्या केल्या आणि लॉसलेस सर्वांत वरच्या, महिना २९९ रुपयांच्या प्लॅटिनम पायरीवर ठेवले. इतर अनेक देशांत जे नेहमीच्या वर्गणीत मिळते, ते इथे वरच्या वर्गाचे तिकीट झाले. टायडल आणि कोबुझ भारतात अधिकृतपणे सेवा देत नाहीत. त्यामुळे परदेशी नेटवर्क प्लेअरच्या खोक्यावर छापलेली निम्मी चिन्हे इथे शोभेचीच ठरतात. ग्राहक मात्र पूर्ण किंमत मोजतो.

डब्यांचे स्मशान

स्कॉटलंडमधल्या लिन या कंपनीची कथा इथे बोलकी आहे. तिने १९७३ साली एलपी१२ नावाचा रेकॉर्ड प्लेअर आणला. त्या काळी घेतलेल्या यंत्रात आजही नवे भाग बसवता येतात. याच कंपनीने २००७ मध्ये क्लायमॅक्स डीएस हा नेटवर्क प्लेअर काढला आणि दोनच वर्षांत सीडी प्लेअर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. भविष्य तिने अचूक ओळखले. पण तबकडी फिरवणाऱ्या यंत्राला जे दीर्घायुष्य लाभले ते नेटवर्कवर चालणाऱ्या यंत्रांच्या नशिबी सहसा नाही.

पुरावे हवेत? गुगलने २०१५ मध्ये ३५ डॉलरचा क्रोमकास्ट ऑडिओ आणला. कोणत्याही जुन्या ॲम्प्लिफायरला तो नेटवर्कवर आणी. जानेवारी २०१९ पर्यंत त्याचे उत्पादन बंद. मार्च २०२५ मध्ये एक दिवस जगभरातले हे डबे एकाएकी मुके झाले. आतल्या सुरक्षा-प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. काही दिवसांत दुरुस्ती आली, पण चालत्या यंत्राच्या पोटात मृत्यूची तारीख लिहिलेली असू शकते हे सगळ्यांना कळून चुकले.

सोनोसने जानेवारी २०२० मध्ये आपल्या जुन्या उपकरणांना नवी सॉफ्टवेअर आवृत्ती मिळणार नाही असे सांगितले, तेव्हा एवढा गदारोळ उठला की प्रमुखांना ग्राहकांची माफी मागावी लागली. जुन्या आणि नव्या यंत्रांसाठी शेवटी दोन वेगळी ॲप्स करावी लागली. स्पॉटिफायने २०२२ मध्ये लिबस्पॉटिफाय हा जुना सॉफ्टवेअर-संच मिटवला. त्याच्या आधारावरची, कनेक्टपूर्व काळातली यंत्रे स्पॉटिफायला मुकली. खुद्द स्पॉटिफायने गाडीसाठी विकलेले 'कार थिंग' हे उपकरण ९ डिसेंबर २०२४ पासून निकामी केले गेले. ते सर्वांसाठी खुल्या विक्रीला येऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती.

एमक्यूएची कहाणी फाइलीच्या जातीची. मेरिडियन या कंपनीच्या बॉब स्टुअर्ट यांनी २०१४ च्या अखेरीस जाहीर केलेल्या या पद्धतीत उच्च दर्जाचा आवाज घडी घालून लहान फाइलीत ठेवल्याचा दावा होता. पूर्ण घडी उलगडायची तर परवान्याचा डॅक हवा. टायडलने ती स्वीकारली, प्लेअर बनवणाऱ्यांनी परवाने घेतले, ग्राहकांनी लोगो पाहून खरेदी केली. मूळ बिट जशीच्या तशी मिळत नाहीत, हा टीकाकारांचा आक्षेप होता. एप्रिल २०२३ मध्ये एमक्यूए कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. कॅनडाच्या लेनब्रुकने तिची मालमत्ता घेतली. जुलै २०२४ मध्ये टायडलने एमक्यूए सोडून फ्लॅक धरले. त्या लोगोसाठी मोजलेले पैसे बुडीत खात्यात.

आणि आता उलट उदाहरण. कॅलिफोर्नियाच्या स्लिम डिव्हायसेसने २००१ मध्ये घरगुती नेटवर्कवर संगीत वाजवणारा प्लेअर आणला, पुढे त्याचा स्क्वीझबॉक्स झाला. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये ही मालिका गुंडाळली, २०२४ मध्ये तिची ऑनलाइन सेवाही बंद केली. रीतीप्रमाणे ही यंत्रे मरायला हवी होती. ती आजही वाजतात. घरच्या संगणकावर चालणारा त्यांचा सर्व्हर पहिल्यापासून खुल्या परवान्याखाली होता. वापरणाऱ्यांनी तो आपल्या हाती घेतला आणि आता तो 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने नांदतो. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर नवा प्लेअर उभा करून तो त्याच सर्व्हरला जोडता येतो. कंपनी गेली, कोड राहिला.

घेताना काय पाहाल

यातून खरेदीचे शहाणपण निघते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदार लोगोंची रांग दाखवील. तिच्याकडे जरा तिरक्या नजरेने पाहावे. दीर्घायुषी आणि अल्पायुषी भाग एकाच पेटीत बंद करू नयेत. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर वीस-तीस वर्षे चालतात. पैसा तिथे घालावा. डॅकही बराच काळ टिकतो. स्ट्रीमर मात्र वेगळा आणि स्वस्त घ्यावा, डिजिटल आउटपुट असलेला, म्हणजे काही वर्षांनी तो बाद झाला तरी बाकीचा संसार मोडत नाही. सगळे एकात असलेले देखणे यंत्र घ्यायचेच असेल, तर त्याला निदान डिजिटल इनपुट हवे. उद्या बाहेरून नवा स्ट्रीमर जोडता येईल. तुम्ही ज्या सेवेची वर्गणी भरता तिचे 'कनेक्ट' त्या नेमक्या मॉडेलवर लॉसलेस चालते का, हे दुकानातच वाजवून पाहावे. 'पुढच्या अपडेटमध्ये येईल' या वचनाची साडेचार वर्षे आपण नुकतीच पाहिली आहेत.

आणि इंटरनेट तोडून, कुठल्याही खात्यात लॉगिन न करता, पेनड्राइव्हवरची किंवा घरच्या डिस्कवरची फ्लॅक फाइल त्यावर वाजवायला सांगावी. वाजली तर ते यंत्र तुमचे. नाही वाजली तर तुम्ही भाडेकरू आहात, आणि करार किती महिन्यांचा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेले नाही.

फ्लॅकची बांधणी डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ म्हणून इंटरनेटच्या अधिकृत मानकांच्या दप्तरी नोंदली गेली. म्हणजे कोणतीही कंपनी बुडाली, तरी पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी तो कागद वाचून ही फाइल उघडणारा प्रोग्रॅम लिहू शकेल. फाइलीला मिळालेले हे संरक्षण यंत्राला मिळत नाही, आणि ते कायद्याने मिळवून देण्यात तांत्रिक अडचण काहीच नाही. डबा विकताना त्याला किती वर्षे अपडेट मिळतील हे खोक्यावर छापा. सेवा बंद करताना त्याचे कुलूप उघडे करून द्या. स्क्वीझबॉक्सच्या उदाहरणाने हे शक्य असल्याचे सिद्ध केले आहे. लॉसलेसची मागणी श्रोत्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली आणि ती पदरात पडली. तेवढाच हट्ट आता या दोन ओळींसाठी धरायला हवा.